हौद्यातली जागा

“माझे पाय मुडपू नका. सरळ राहू द्या.”

सासूबाईंचं नीट ऐकू आलेलं हे शेवटचं वाक्य. त्यानंतर त्या आठ दिवस होत्या, पण नळ्यांत आणि औषधांच्या गुंगीत. हे वाक्य त्या आमच्या उंबरठ्यावर बोलल्या, बार्शीच्या वैशाखातल्या भर दुपारी. न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. रुग्णवाहिका कुठल्याशा अपघाताला गेलेली. दारात आमची लहान गाडी उभी. मागच्या सीटवर त्यांना आडवं घातलं तर दार लागेना. मग ह्यांनी आपल्या आईचे पाय स्वतःच्या हातांनी गुडघ्यात मुडपले आणि दार लावलं. सोलापूर सत्तर किलोमीटर. एवढ्या वाटेत त्या एकदाही ओरडल्या नाहीत, आणि तेच ह्यांना जास्त लागलं.

डॉक्टर नंतर म्हणाले, पाय मुडपल्याने काही बिघडलं नाही, वयच झालं होतं. ह्यांनी मान हलवली. वर्षश्राद्ध झालं, आणि महिन्याभरात दारात पिकअप आली.

पिकअप म्हटल्यावर भाजीबाजारात टोमॅटोचे क्रेट वाहते ती गाडी डोळ्यांसमोर येईल. ही ती नव्हे. ही अठरा-एकोणीस फूट लांब, बॅटरीवर चालणारी, पाच माणसं बसतील एवढी केबिन आणि मागे एक पलंग मावून वर पायरीएवढी जागा उरेल असा हौदा. वजन तीन टन. आमची गल्ली अकरा फूट रुंद. गाडी आत घ्यायची तर दोन्ही आरसे मिटायचे, मिस्त्रीकाकांच्या कुंड्या उचलायच्या, आणि समोरच्या रफिकभाई तांबोळींनी आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाची पाटी आत ओढून घ्यायची. ते ती न कुरकुरता ओढायचे आणि म्हणायचे, सर, जहाज बंदराला लागलं का.

यजमानांचं नाव गिरिधर मोहोळकर. कॉलेजात ग्रंथपाल. घर ते कॉलेज अडीच किलोमीटर. सोबत डबा आणि छत्री. अकरा वर्षं हा माणूस तीन टनांची गाडी घेऊन डबा आणि छत्री पोचवत होता, आणि गल्ली हसत होती. मी कधी हसले नाही. त्या हौद्यात एक माणूस पाय पसरून झोपू शकतं, एवढंच त्यांना हवं होतं, हे मला माहीत होतं. आमच्या घरात ते कोणी बोलून दाखवलं नाही, इतकंच.

मग भारलेखक आला.

दोन टनांहून जड अशा प्रत्येक खाजगी गाडीला तो बसवायचा कायदा झाला, तेव्हा परिवहन कार्यालयातून पल्लवी काशीद नावाची मुलगी आली. तिशीच्या आतली, हेल्मेटने केस विस्कटलेले. तिने ह्यांना सगळं नीट समजावलं, आणि मी चहा देता देता ऐकलं. गाडीच्या चारही स्प्रिंगांवर नखाएवढी पट्टी चिकटवतात. पट्टीत केसासारखी बारीक तार. वजन आलं की स्प्रिंग दबते, तार ताणली जाते, आणि ताणलेल्या तारेतून वीज जरा कष्टाने जाते. तो फरक मोजला की वजन कळतं, अगदी डब्यात आज पोळ्या किती होत्या इथपर्यंत. एवढंच नव्हे. आपलं हृदय ठोका देतं तेव्हा रक्ताच्या झटक्याने सगळं शरीर तीळभर मागेपुढे हलतं. आपल्याला ते जाणवत नाही, तारेला जाणवतं. म्हणून गाडीत सामान किती आणि जीव किती हे यंत्र वेगळं सांगतं. कोणता जीव, हे मात्र सांगत नाही.

ह्यांनी विचारलं, हे सगळं कशासाठी. काशीद म्हणाली, रस्त्यांसाठी, सर. चाकांवरचं वजन तिप्पट झालं तर रस्त्याची झीज तिप्पट होत नाही. तीन गुणिले तीन, गुणिले तीन, आणि परत गुणिले तीन, म्हणजे एक्याऐंशी पट होते. तुमची गाडी एकदा कॉलेजला गेली की लहान गाडी एक्याऐंशी वेळा गेल्यासारखं. त्यात गावभागात रुग्णवाहिका वळत नाही, बंब शिरत नाही. तेव्हा मोठी गाडी जो खरंच वापरतो त्याच्याकडे राहील. वर्षभरात हौद्याच्या क्षमतेच्या पंधरा टक्के तरी वापर दिसला पाहिजे. नाही दिसला तर गाडी सरकार रीतसर विकत घेऊन वॉर्डाच्या ताफ्यात घालणार. तिला गावगाडी म्हणायचं. चालक नाही, माणसाच्या पळण्याच्या वेगाने आपली आपण येते, फोन केला की दारात. ज्याला जेव्हा मोठी गाडी लागेल त्याने तेव्हा बोलवायची.

“आणि दोघांना एकदम लागली तर?” ह्यांनी विचारलं.

काशीद खरं बोलणारी मुलगी. ती म्हणाली, “मग एकाला थांबावं लागेल, सर.”

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला, तो अर्धाच राहिला.

पहिल्या सहामाहीचा आकडा आला: सव्वा टक्का. ह्यांनी मग वाळूची सहा पोती हौद्यात टाकली आणि ती घेऊन कॉलेजला जाऊ लागले. नवव्या दिवशी यंत्राने कळवलं की हा भार चढतही नाही आणि उतरतही नाही, सबब तो गाडीचंच वजन धरला आहे. रफिकभाई म्हणाले, सर, आता जहाज बंदराला लागत नाही, बुडतंय. पोती उतरली. मग ह्यांनी गल्लीतल्या बायकांना भगवंताच्या देवळात सोडायचं ठरवलं, पण केबिनची पायरी मांडीपर्यंत उंच. पहिल्याच दिवशी मिस्त्रीकाकू अर्ध्यावर अडकल्या, ना वर ना खाली, आणि पुढच्या एकादशीला सगळ्या आपल्या पायी गेल्या.

आता माझं थोडं सांगते, कारण पुढे जे झालं ते माझ्यामुळे झालं.

मी चातुर्मासात मौन धरते. दिवसभराचं नव्हे. उठल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत, साधारण नऊ वाजेतो. आणि आषाढीला देव निजवते. आमचा देव म्हणजे वीतभर लांबीचा पितळी शेषशायी. सासूबाई त्याला देवघरातल्या लाकडी पेटीत निजवायच्या. त्या गेल्यावर आतल्या खोलीतला त्यांचा पलंग रिकामा राहिला आणि मला तो बघवेना. म्हणून पहिल्याच आषाढीला मी देवाला त्यांच्या पलंगावर निजवलं. दोन्ही बाजूंना लोड, म्हणजे देव कलंडायचा नाही. वर सासूबाईंची गोधडी. बार्शीचे डास कोणालाच सोडत नाहीत, म्हणून मच्छरदाणी. उशाशी तांब्याभांडं आणि तुळशीची वाटी. रोज चादर बदलायची. तेव्हापासून दरवर्षी कार्तिकीपर्यंत तो पलंग देवाचा.

श्रावणातल्या एका बुधवारी सकाळी साडेसातला काशीद पाहणीला आली. वार्षिक आकडा कमी आला की घरी येऊन बघायचं, काही सवलत लागू होते का ते. हे अंघोळीला गेले होते. मी समई लावून नुकती बाहेर आलेली, तोंडाला कुलूप. ती विचारत राहिली, काकू, घरात माणसं किती, कोणी अधू, कोणी आजारी. मी ओठांवर बोट ठेवलं, म्हणजे माझं मौन आहे, जरा थांब. तिने माझ्या खांद्यावरून आतल्या खोलीत पाहिलं. अंधारी खोली, सोडलेली मच्छरदाणी, गोधडीखाली लोडांनी झालेला लांबट आकार, उशाशी पाण्याचं भांडं. तिचा चेहरा एकदम बदलला. तिने चपला काढल्या, दोन पावलं टाचा न टेकता पुढे आली, दोन्ही तळवे जोडून गालाखाली धरले आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं, पोरीच्या घरीही देव निजवत असतील. मला कौतुक वाटलं. मी मान डोलावली.

तिने तिथूनच हात जोडले, कागदावर काही लिहिलं आणि पाय न वाजवता गेली.

आठ दिवसांनी पत्र आलं. ह्यांनी ओसरीवर उभ्याने वाचलं, मग बसून परत वाचलं आणि मला हाक मारली. घरातील शय्यारुग्ण व्यक्तीच्या वाहतुकीसाठी मोठ्या वाहनाची सवलत मंजूर. प्रत्यक्ष पाहणी केली, होय. गृहिणीने दुजोरा दिला, होय. सोबत भारलेखकाचा वर्षाचा उतारा.

मला कळायला थोडा वेळ लागला. मग ती जोडलेल्या तळव्यांची खूण आठवली, आणि तिला डोलावलेली माझी मानही.

ह्यांना हसू आवरत नव्हतं. किती वर्षांनी ते असे हसले. म्हणाले, देवाने निजल्या निजल्या काम केलं बघ. मी म्हटलं, आपण उद्याच जाऊन सांगू या. तसं त्यांचं हसू थांबलं.

“काय सांगायचं? मी काही बोललो नाही. तू तर बोलतच नव्हतीस. यंत्रानेही नाही सांगितलं. मग खोटं बोललं कोण?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते मला देववेना. खोटं माझ्या मौनाने सांगितलं होतं. पंचवीस वर्षं जे मी देवाला वाहत आले, त्यातून हे निघालं. एकटीने जाऊन कार्यालयात सांगणं मला अवघड नव्हतं. पण मग ह्यांच्या दारातली गाडी मी नेली असती. आईचे पाय मुडपलेला तो माणूस परत लहान गाडीसमोर उभा राहिला असता. नवऱ्याच्या पाठीमागून हे करायला माझं मन होईना, आणि गप्प राहायलाही होईना. रोज सकाळी मौन धरताना आता मला ते व्रत वाटेना, लपणं वाटू लागलं.

पुढच्या मंगळवारी देवळात शैला नागणे भेटली. आमच्या मागच्या गल्लीत राहते, पापड लाटून विकते. तिच्या यजमानांची उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी गेली, आणि आता किडन्याही. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी तीनला. मी विचारलं, कसं नेतेस. ती प्रदक्षिणा घालता घालता बोलत होती, तक्रारीच्या सुरात नव्हे, भाजीचा भाव सांगावा तशी.

“रिक्षात, ताई. दुमडून. ते बसत नाहीत, घसरतात, मग मी खाली बसते आणि पाठीने रेटून धरते. जाताना निभतं, येताना त्यांना चक्कर असते. कार्यालयातली बाई म्हणाली होती, तुमच्या वॉर्डाला या महिन्यात गावगाडी येते, आडवं नेता येईल. आता म्हणते, थांबा. एक गाडी जमा व्हायची होती, ती झाली नाही म्हणे. असेल कोणाची अडचण.”

मी देवापुढे उभी राहिले आणि मला मागायला काही सुचलं नाही.

घरी येऊन मी तो उतारा काढला. आतापर्यंत मी त्याला हात लावला नव्हता. बारीक अक्षरांची चौदा पानं. तारीख, वेळ, ठिकाण, सामान, जीव. घर ते कॉलेज, सामान दीड किलो, जीव एक. कॉलेज ते घर, सामान पाऊण किलो, जीव एक. डबा रिकामा झाला की तेवढाच फरक. पानंच्या पानं तसंच. मी पुढची नजर वरवर फिरवत होते, आणि एका ओळीवर थांबले. बैलबाजाराचं मैदान, संध्याकाळी पावणेसहा. गाडी उभी. केबिनमध्ये कोणी नाही. हौद्यात अडुसष्ट किलो, भार लांबीत पसरलेला. जीव एक. बावीस मिनिटं.

खाली दोन ओळी सोडून परत तेच. मागची पानं उलटली, तर तिथेही कॉलेजच्या प्रत्येक दिवशी तेच. अडुसष्ट किलो म्हणजे कोण हे मला यंत्राने सांगायची गरज नव्हती. कॉलेज सुटल्यावर ते वाचनालयाचा हिशोब लावत थांबतात, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी मी पावणेसहाला बैलबाजारात गेले. बाजार शनिवारचा, त्यामुळे मैदान मोकळं. कडुनिंबाखाली गाडी उभी होती. मी जवळ गेले. हौद्यात चटई टाकून हे उताणे झोपले होते. चपला बाजूला काढलेल्या, हात छातीवर, पाय लांब सोडलेले. डोळे उघडे. मी दिसल्यावर ते दचकले नाहीत. मागची फळी खाली होती, मी तिच्यावर बसले. मग तेच म्हणाले, वर झाडाकडे बघत.

“डोकं केबिनकडे, पाय फळीकडे. आई माझ्याहून चार बोटं बुटकी होती. पाय पसरून वीतभर जागा उरते. मी रोज बघतो.”

“रोज?”

“बघितलं की रात्री झोप लागते.”

मी त्यांच्या पायाशी हात टेकून बसले होते. पत्र्याला दिवसभराची ऊब होती. त्यांनी मग जे विचारलं ते त्यांच्या मनात किती दिवस होतं कोणास ठाऊक. म्हणाले, गाडी देऊन टाकू. उद्या तुझ्यावर तशी वेळ आली. मी फोन लावला, आणि ती गावगाडी दुसऱ्याच कोणाच्या दारात. मग काय करू? तुझे पाय मुडपू? माझ्याच्याने ते परत होणार नाही.

असं होणार नाही म्हणाले असते तर तेही खोटंच झालं असतं. मी त्यांना नागण्यांचं सांगितलं. रिक्षा, दुमडून, शैला खाली बसून पाठीने रेटते ते. म्हटलं, तुम्हाला जिची भीती वाटते ती वेळ त्यांच्या घरात आत्ता आहे, आठवड्यातून तीनदा. आणि त्यांच्यासाठीची गाडी म्हणजे ही.

ते उठून बसले. चटईची एक काडी उपसत राहिले.

मला त्या दुपारचं अजून एक आठवत होतं. बारा वर्षांत मी ते त्यांना बोलले नव्हते, आणि आता बोलले तेही टोचावं म्हणून नव्हे.

“गाडी लहान होती हे खरं. पण अहो, त्या दिवशी उचलायला आपण दोघंच होतो. त्यांना चादरीवर चार कोपऱ्यांनी धरलं असतं तर पुढची सीट पाडून, तिरक्या का होईना, पाय लांब करून निजल्या असत्या. समोर रफिकभाई दुकानात होते. मिस्त्रीकाका ओट्यावर होते. कोणालाच बोलावलं नाही आपण.”

“मी नाही बोलावलं,” ते म्हणाले. “तू म्हणाली होतीस, रफिकभाईंना हाक मारू का म्हणून. मीच नको म्हटलं. आईचं लुगडं भिजलेलं होतं. चारचौघांनी तिला तशी बघावी असं मला वाटेना.” जरा थांबून म्हणाले, “संकोच वाटला गं मला. नुसता संकोच.”

त्यांचं रडणं मी सासूबाई गेल्या तेव्हाही पाहिलं नव्हतं. मैदानाच्या त्या टोकाला कोणी म्हैस धुवत होतं, मी तिकडे बघत बसले.

शेवटी ते खाली उतरले, मागची फळी लावली. म्हणाले, ही गाडी मी कशाला घेतली माहीत आहे का तुला. मला वाटायचं, आईसाठी. आई तर गेली होती. परत कोणाला हाक मारायची वेळ येऊ नये, म्हणून घेतली मी ही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही दोघं परिवहन कार्यालयात गेलो. मला वाटलं होतं, मला बोलावं लागेल, पण तेच बोलले. म्हणाले, बाई, पाहणीत चूक झाली आहे आणि ती आम्हाला आठ-दहा दिवस माहीत होती. आमच्या घरी पलंगावर माणूस नाही. देव आहेत.

काशीद बघतच राहिली. मग ह्यांनी पेटी, आषाढी, लोड, मच्छरदाणी सगळं सांगितलं. तिने तोंडावर हात धरला. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ पाठ फिरवून खांदे हलवत होते. “काकू,” ती म्हणाली, “मी चपला काढून, पाय न वाजवता गेले हो.”

“ते बरोबरच केलंस,” मी म्हटलं.

मग ती गंभीर झाली. तिच्या सहीचा अहवाल होता, तो तिलाच दुरुस्त करावा लागणार होता, आणि साहेबांची बोलणीही खावी लागणार होती. मी म्हटलं, चूक माझ्या मानेची, तसं लिही. ती म्हणाली, मानेसाठी रकाना नाही, काकू, मी माझीच लिहिते. ह्यांनी सवलत सोडल्याचा कागद लिहून दिला. किल्ली टेबलावर ठेवताना त्यांचा हात तिच्यावर जरा जास्त वेळ राहिला. काशीदने ती ओढून घेतली नाही, त्यांनी हात काढेपर्यंत थांबली.

निघताना ह्यांनी एक विचारलं. गावगाडी दारात येईल, पण रुग्णाला आतून उचलून हौद्यात कोण ठेवणार?

काशीद म्हणाली, ते घरच्यांनी बघायचं. गाडीला चाकं आहेत, सर, हात नाहीत. पहिल्या दोन वॉर्डांत हीच अडचण आली. गाडी येते, उभी राहते, आणि उचलायला कोणी नाही म्हणून परत जाते.

त्या संध्याकाळी हे एकटेच नागण्यांच्या घरी गेले. काय बोलले ते मला शैलाकडून नंतर कळलं. उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, तुमची गाडी आमच्यामुळे अडकली होती, माफ करा. शैला गोंधळली. मग म्हणाली, सर, एवढी मोठी गाडी, आम्हाला वाटायचं त्यात कॉलेजची पुस्तकं असतात. हे म्हणाले, नाही, काहीच नसायचं. तिने ह्यांना बसवून पापड भाजून दिला. तिचा दीर संध्याकाळपर्यंत बाजार समितीत असतो, पण घरमालक आहेत. ती, घरमालक, आणि हे, असे तीन जण झाले. नागण्यांचं शरीर जड, चादरीला चार कोपरे. हे म्हणाले, चौथा माणूस मी आणतो. गाडी ताफ्यात गेली की पहिल्याच गुरुवारी, अडीचला.

गाडी भाद्रपदातल्या पहिल्या सोमवारी गेली. रंग तोच, फक्त कार्यालयाच्या माणसांनी येऊन चालकाविना चालायचं यंत्र बसवलेलं, दारावर वॉर्डाचा आकडा आणि छतावर दिवा. ती आपली आपण आरसे मिटून गल्लीतून निघाली तेव्हा मिस्त्रीकाकूंनी कुंड्या उचलल्या. ह्यांनी ओसरीवरून पाहिलं आणि छत्री घेऊन कॉलेजला चालत गेले. रात्री जेवताना म्हणाले, वाटेत तीन जण भेटले, इतक्या वर्षांत त्यांच्याशी बोलणंच झालं नव्हतं. पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि मंगळवारी रात्रीही नाही. मी विचारलं, चौथ्या माणसाचं काय ठरलं. म्हणाले, बघतो. कॉलेजातल्या शिपायाला विचारतो. बुधवारी कळलं, शिपाई रजेवर. मिस्त्रीकाकांची कंबर धरलेली. मी म्हटलं, मी येते. ते म्हणाले, तुझा खांदा उतरलेला, डॉक्टरांनी वजन उचलू नको सांगितलंय. आणि मी आणतो म्हणालोय, तेव्हा मीच आणीन.

गुरुवारी ते अर्धी रजा टाकून आले. जेवण ताटात तसंच. सव्वादोनला कपाटातून सोलापुरी चादर काढली, जाड विणीची, माणसाचं वजन पेलेल अशी, आणि तिचे चारही कोपरे ओढून पाहिले. मागच्या गल्लीतून गावगाडीची बारीक घंटी ऐकू आली. ती वेळेआधीच येऊन उभी होती.

हे ओसरीवर उभे. समोरच्या दुकानात रफिकभाई डोळ्याला भिंग लावून कोणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते. मधे अकरा फुटांची गल्ली, आणि पहिल्यांदाच ती इतकी मोकळी. ह्यांनी चादर काखेत धरली, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पायऱ्या उतरले. मधोमध जाऊन थांबले. मला वाटलं, आता परततील.

“रफिकभाई,” त्यांनी हाक मारली. आवाज कापरा होता, पण मोठा होता. “जरा येता का? एका माणसाला उचलायचंय.”

रफिकभाईंनी भिंग काढलं. काय, कोणाला, काही विचारलं नाही. उघडं घड्याळ वाटीखाली झाकलं, हात पुसले, चपला शोधल्या. मग दोघं चादर घेऊन नागण्यांच्या गल्लीकडे वळले.